थांबण्याची किंमत

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, ॲव्हरेज किती देते? कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, पळते किती? शंभराचा वेग किती सेकंदांत घेते? रंग, सीट, एसी, डिकी या सगळ्यांची चौकशी होते. पण शंभराच्या वेगावरून ती किती अंतरात थांबते, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. ब्रेकची आठवण आपल्याला होते ती ते करकरायला लागल्यावर, किंवा मेकॅनिकने चाक खोलून झिजलेला पॅड आपल्या हातावर ठेवला म्हणजे. मग आपण म्हणतो, "टाका नवीन." त्याने विचारलं, "कोणते टाकू?" की आपण गप्प.

दणकट इंजिनाची, वेगवान गाडी हौसेने बाळगणारे मात्र अशा वेळी गप्प बसत नाहीत. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "सगळ्यात जास्त पकडणारे द्या. रेसच्या गाडीला असतात तसले." आज मला बोलायचं आहे ते या उत्तराबद्दल. ते चुकीचं का, हे दोन-चार तांत्रिक वाक्यांत सांगता येईल. पण त्या तळहाताएवढ्या तुकड्याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर ते जास्त चांगलं उमगतं. या इतिहासात माणसाने दर वेळी एक अडचण सोडवणारा पदार्थ शोधला, आणि दर वेळी त्या पदार्थाने आपलं बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर फाडलं. ते कोणाच्या नावावर फाडलं गेलं, हे पाहिल्याशिवाय ही निवड नीट करता येत नाही.

सुरुवात करू या ऑगस्ट 1888 पासून. जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल बेंझ या गृहस्थांनी पेट्रोलवर चालणारी तीनचाकी गाडी तयार केली होती, पण ती घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. त्यांची पत्नी बर्था हिने एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, ती गाडी बाहेर काढली. बरोबर दोन मुलगे, ऑयगेन आणि रिचर्ड, एक 15 वर्षांचा आणि दुसरा 13 वर्षांचा. जायचं होतं फोर्ट्सहाइमला, बर्थाच्या माहेरी. अंतर साधारण 100 किलोमीटर. तोवर कोणीही मोटारीने एवढा लांबचा प्रवास केलेला नव्हता. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या एका औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलत होती.

चढ पार पडले. अडचण आली उतारावर. गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. बैलगाडीला किंवा घोडागाडीला तेवढं पुरत होतं, कारण तिथे जनावरही अंग मागे टाकून गाडी सावरतं. इथे जनावर नव्हतं. उतारामागून उतार उतरताना लाकूड झिजत चाललं. तेव्हा बाउशलॉट या गावी बर्थाने एका चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. झिजणारा पदार्थ निराळा ठेवायचा, तो संपला की बदलायचा आणि मूळ भाग शाबूत राखायचा, ही ब्रेक लायनिंगची कल्पना मोटारीच्या इतिहासात इथून सुरू होते. म्हणजे मोटारीचा पहिला बदली ब्रेक कारखान्यात नव्हे, रस्त्याकडेच्या चांभाराच्या दुकानात बसवला गेला; आणि तो निवडणारी होती गाडी चालवणारी बाई.

आता थोडं गणित, पण घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे. ब्रेक दाबला की गाडीची गती जाते कुठे? ती उष्णता होते. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल आणि आपण ती पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण पावणेदोन लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. आठ-दहा कप चहाचं आधण, आणि तेही चार-पाच सेकंदांत. वेग दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 200 वरून थांबायचं म्हणजे सात लिटरांचं आधण. वेगवान गाडीच्या ब्रेकचं सारं दुखणं या एका हिशेबात आहे. पकड मिळवणं त्या मानाने सोपं. ती पकड देणारा पदार्थ एवढी आच सोसून दहाव्या वेळीही पहिल्यासारखाच वागेल का, हा खरा प्रश्न.

चामडं ही आच सोसत नाही. ते करपतं, गुळगुळीत होतं आणि घसरतं. पुढचं पाऊल टाकलं इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूड या माणसाने. डर्बीशर हा डोंगराळ मुलूख. तिथले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावतात, हे त्याने पाहिलं. बर्था बेंझची युक्ती या गाडीवानांना त्यांच्यापरीने सुचलेली होती. फ्रूडने 1897 मध्ये यावर प्रयोग सुरू केले आणि केसांचे, सुताचे विणलेले पट्टे डांबर-राळेसारख्या पदार्थांत भिजवून ब्रेकसाठी पट्ट्या बनवल्या. चामड्यापेक्षा त्या टिकाऊ निघाल्या, पण सूत शेवटी सूतच. साधारण 150 अंशांच्या पुढे ते जळू लागे. घोडागाडीला हे चाललं, मोटारी आणि बस वेगाने धावू लागल्यावर चालेना.

1902 मध्ये लुई रेनो याने फ्रान्समध्ये ड्रम ब्रेक आणला. आत दोन कमानदार शू, बाहेर फिरणारा ड्रम. रचना सुटसुटीत, पण उष्णता डब्यात कोंडलेली. तेव्हा न जळणारा धागा हवा होता, आणि तो जमिनीत तयार होता. ॲस्बेस्टॉस. हे खनिज दगड असून धाग्यासारखं पिंजता येतं, कातता येतं, विणता येतं, आणि ते जळत नाही. 1908 मध्ये फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं लायनिंग बनवलं. स्वतःच्या आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथच्या नावातलं 'ई' मिसळून त्याने मालाला नाव दिलं, 'फेरोडो'. हे नाव आपल्याकडेही परकं नाही. घाटकोपरच्या जुन्या रहिवाशांना 'हिंदुस्थान फेरोडो' हा कारखाना आठवत असेल.

ॲस्बेस्टॉसने ब्रेकचा प्रश्न फार उत्तम सोडवला, हे कबूल केलं पाहिजे. ते स्वस्त, आच सोसणारं, आवाज न करणारं, आणि ड्रमही न खाणारं. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या मोटारी, ट्रक, बसगाड्या बहुतांशी त्याच्याच भरवशावर थांबत राहिल्या. आपल्या वडील पिढीने बोरघाट, खंबाटकी, आंबोली उतरताना ज्या लायनरवर पाय दिला, त्यांतही बहुधा तेच होतं. किती प्राण त्याने वाचवले असतील, याची मोजदाद नाही. त्याने घेतलेल्या प्राणांची मात्र नोंद आहे.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव. तिथे टर्नर ब्रदर्स या कंपनीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातलं जाई. नेली केरशॉ ही तिथली कामगार. कोवळ्या वयापासून ती या कामात होती. दम लागू लागला, खोकला सुटेना, शेवटी काम सुटलं. आजार कामामुळे झाला, असं डॉक्टरांनी सांगूनही कंपनीने भरपाई द्यायचं नाकारलं. 14 मार्च 1924 रोजी ती वारली, तेव्हा 33 वर्षांची होती. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली, त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले, आणि त्याच वर्षी त्यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. तीन वर्षांनी या रोगाला नाव मिळालं, 'ॲस्बेस्टॉसिस'. टर्नर ब्रदर्स तोवर टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या समूहात सामील झालेली होती, आणि त्याच दशकात फ्रूडची फेरोडो कंपनीही त्याच समूहात गेली. सुताच्या गिरणीतला मृत्यू आणि ब्रेकची पट्टी एका छपराखाली आली, असं म्हणायला हरकत नाही.

यानंतर लोक म्हणतील, तेव्हाच थांबायला हवं होतं. 1930 मध्ये मेरिवेदर आणि प्राइस या दोन सरकारी तपासनिसांनी कामगारांची पाहणी करून अहवाल दिला. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. पण ते नियम कारखान्यातल्या ठरावीक कामांपुरते. जो माणूस गॅरेजमध्ये ड्रम उघडून आत साचलेली करडी भुकटी फुंकरीने, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत होता, त्याचा विचार त्यात नव्हता. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या मुलखातून डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की फुप्फुसाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कॅन्सर ॲस्बेस्टॉसशी जोडलेला आहे. हा रोग धूळ पोटात-छातीत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्यामुळे ज्याने पट्टी विकली, ज्याने बसवली आणि ज्याने गाडी चालवली, त्यांच्यात हिशेबाची गाठ पडतच नाही.

बंदी यायला किती वेळ लागला पाहा. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली 1999 मध्ये, म्हणजे नेली केरशॉच्या मृत्यूनंतर 75 वर्षांनी. युरोपीय संघात ती 2005 पासून लागू झाली. अमेरिकेत 1989 मध्ये केलेली बंदी 1991 मध्ये न्यायालयात बहुतांशी रद्द झाली, आणि ब्रेक लायनिंगसह उरलेल्या वापरांवर बंदी घालणारा नियम निघायला मार्च 2024 उजाडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये दिलेल्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं, की प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवा. हा चाळीसचा आकडा त्या रोगाच्या संथ चालीतूनच आला आहे. ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी मात्र आपल्या देशात आलेली नाही.

ही एक वाट झाली. दुसरी वाट शर्यतीच्या मैदानातून जाते, आणि आपल्या त्या "सगळ्यात जास्त पकडणारे द्या" म्हणणाऱ्या मित्राला तीच आवडते. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचे पॅड धातूचे. धातूवर धातू घासून असा काही कर्कश आवाज येई की ऐकवत नसे. योग्य पॅड नसल्यामुळे चांगली कल्पना जवळजवळ पन्नास वर्षं मोटारींपासून लांब राहिली. ती पुढे विमानांच्या चाकांवरून परत आली. डनलॉप कंपनीने विमानासाठी केलेले डिस्क ब्रेक जग्वार कंपनीने आपल्या शर्यतीच्या गाडीवर घेतले. नॉर्मन ड्यूइस हा चाचणी चालक महिनोन् महिने ती गाडी पळवत आणि थांबवत राहिला. 1952 च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या रीम्सला स्टर्लिंग मॉसने ही डिस्क ब्रेकची जग्वार जिंकून दाखवली.

पुढच्या वर्षी ले मान्सची 24 तासांची शर्यत होती. तिथे त्या काळी जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता. गाडी तिथे सर्वाधिक वेग घेई आणि टोकाला काटकोनातलं वळण. रात्रभर, दिवसभर, दर फेरीला तेच. ड्रम ब्रेकवाल्या गाड्यांचं काय होई? ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो, लायनिंगची पकड सुटते, म्हणून चालकाला वळणाच्या बरंच आधीपासून पाय ठेवावा लागतो. उघडी डिस्क मात्र वाऱ्याने निवत राहते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीने जग्वारमध्ये ती शर्यत ताशी सुमारे 170 किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. ले मान्सला सरासरी शंभर मैलांच्या पुढे जाण्याची ती पहिली वेळ. थांबण्याची खात्री होती म्हणून त्यांना अधिक काळ वेगात राहता आलं. दोन वर्षांनी, 1955 मध्ये, सिट्रोएनने आपल्या 'डीएस' या घरगुती गाडीला पुढच्या चाकांवर डिस्क दिल्या, आणि शर्यतीतली वस्तू घरोघर पोचली.

पण इथेही एक गोम होती. डिस्कचा पॅड आकाराने लहान. ड्रमच्या लांबच लांब लायनिंगवर पसरणारी आच आता तळहाताएवढ्या तुकड्यावर आली. जोरात वापरलेली डिस्क पाच-सहाशे अंशांपर्यंत तापू शकते. पॅडमधले घटक धरून ठेवणारी राळ एवढ्या उष्णतेत वायू सोडते, आणि तो वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये उशीसारखा बसतो. चालक जिवाच्या आकांताने पेडल दाबतो, पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. शिवाय आच पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला लागते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिल्याला वेगळा पॅड लागतो. दुसऱ्याला ताजं ब्रेक ऑइल. हवेतलं पाणी शोषत राहणं हा या ऑइलचा स्वभाव. डॉट-4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं तेच ऑइल 155 अंशांवर उकळलं तरी ते प्रतीच्या नियमात बसतं. घाटात ब्रेक गेला म्हणून पॅडला शिव्या घालणाऱ्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं ऑइल बदललेलंच नसतं.

ॲस्बेस्टॉस गेल्यावर त्याची जागा कोणा एका पदार्थाने घेतली नाही. आजचा पॅड म्हणजे गोडा मसाला आहे. दहा-वीस जिन्नस, आणि प्रमाण ज्याचं त्याचं गुपित. धरून ठेवायला फिनॉलची राळ. बळकटीला पोलादाचे तंतू, किंवा ॲरामिडचे. ॲरामिड म्हणजे 1965 मध्ये स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन संशोधक बाईंनी शोधलेल्या केव्हलारचं कूळ; बुलेटप्रूफ जाकिटात असतं तेच. पकड वाढवायला ॲल्युमिनासारखी कठीण भुकटी, ती भलती वाढू नये म्हणून ग्राफाइट, आणि जागा भरायला बराइट.

आणि या मसाल्यात एक जिन्नस असा आहे, की ऐकून कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना गंमत वाटेल. काजूच्या बीच्या टरफलात जे काळपट, हाताला लागलं तर फोड आणणारं तेल असतं, त्यापासून केलेली राळ आणि भुकटी ब्रेकच्या पट्ट्यांत घालतात. ती आच सोसते आणि पकड एकसारखी ठेवायला, आवाज दाबायला मदत करते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्याला आणलेलं हे झाड. गर आपण खातो, बोंडाची फेणी होते, आणि टरफल जगभरच्या मोटारी थांबवतं.

या नव्या मसाल्यांनीही आपापली बिलं फाडलीच. पोलादी तंतूंचे अर्धधातू पॅड आच उत्तम सोसतात, पण डिस्क खातात आणि थंडीत कुरकुरतात. मऊ सेंद्रिय पॅड शांत आणि स्वस्त, पण जास्त तापले की ढिले पडतात. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड स्वच्छ आणि सौम्य. त्यांत आणि इतर अनेकांत उष्णता वाहून न्यायला तांबं घालत असत. रस्त्यावर पडलेली तांब्याची ती भुकटी पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत गेली, आणि तांब्याच्या सूक्ष्म अंशानेही सामन माशाची वास ओळखण्याची शक्ती मंदावते असं दिसून आलं. म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात 2021 पासून पॅडमधलं तांबं पाच टक्क्यांच्या आत आणि 2025 पासून अर्ध्या टक्क्याच्या आत आणावं लागलं. युरोपात 2024 मध्ये मंजूर झालेल्या युरो-7 नियमांनी एक्झॉस्टच्या धुराबरोबर ब्रेकच्या धुळीलाही प्रथमच मर्यादा घातली. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीला किलोमीटरमागे सात मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या मोटारीला तीन. ड्रमच्या तळाशी साचणाऱ्या भुकटीचा हिशेब असा शंभर वर्षांनी सरकारी वहीत आला.

आता आपल्या मित्राकडे वळू. त्याला रेसच्या गाडीसारखे पॅड हवे आहेत. रेसच्या गाडीला काय असतं? 1976 मध्ये ब्रॅबम संघाने फॉर्म्युला वनमध्ये कार्बनच्या डिस्क आणल्या. त्याच वर्षी प्रवासी सेवेत आलेल्या काँकॉर्ड विमानालाही कार्बनचे ब्रेक होते. वजनाला हलके आणि आच सोसण्यात अजोड. पण त्यांची खोड अशी, की काहीशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते नीट पकडतच नाहीत. रेसचे साधे पॅडही थोड्याफार फरकाने याच जातीचे. मैदानावर दोन फेऱ्यांत ते तापतात आणि मग काय थांबवतात! तेच पॅड घरच्या गाडीला लावा आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडा. पहिल्याच चौकात शाळेला निघालेलं पोर सायकलवरून आडवं आलं, तर पॅड थंडगार असतो. चारशे अंशांवर शूर असलेला पॅड तीस अंशांवर कच खातो. इथे बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं, ते मी सांगायला नको.

दुसरं असं, की चांगल्या स्थितीतली आधुनिक गाडी कंपनीच्याच पॅडवर पहिल्यांदा जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होण्याच्या बेतापर्यंत पोचते. एबीएस त्यासाठीच तर असतं. त्यापुढे रस्ता धरायचं काम टायरचं. मग जास्त पकडणारा पॅड लावून ती पहिली थांब फारशी कमी होत नाही. वेगवान गाडीला चांगला पॅड लागतो तो दहाव्या थांबेसाठी, घाटाच्या शेवटच्या वळणासाठी.

म्हणूनच मला युरोपच्या एका नियमाचं कौतुक वाटतं. बदली ब्रेक पॅडसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला 90 क्रमांकाचा नियम तिथे 1990 च्या दशकात आला. तो म्हणतो, बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या साधारण 15 टक्के आत-बाहेर असली पाहिजे. कमी चालणार नाही हे कळतं. पण फार जास्तही चालणार नाही! का? गाडीचं पुढचं आणि मागचं ब्रेकिंग हा तोललेला तराजू असतो. एका पारड्यात भर घातली की तोल जातो. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. मूळ गाडी आखणाऱ्याने केलेला तो हिशेब दुकानाच्या काउंटरवर मोडू नये, एवढाच त्या नियमाचा आग्रह.

तेव्हा पॅड घ्यायला जाल तर "जास्त पकडणारे आहेत का?" असं विचारू नका. किती तापमानापासून किती तापमानापर्यंत चालतात, हे विचारा. पुष्कळ पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ई-ई, एफ-एफ, जी-जी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. ही चाचणी लहानशा नमुन्यावर होते, त्यामुळे ती शेवटचा शब्द नाही. पण दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा घसरलेलं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, हे त्यातून कळतं. रोज ऑफिस आणि सुट्टीत घाट, एवढंच असेल तर कंपनीचे किंवा त्या तोडीचे पॅड उत्तम. गाडी खरोखर ट्रॅकवर नेत असाल, तर त्या दिवसापुरते वेगळे पॅड लावा आणि घरी येण्याआधी बदला. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आणि मेकॅनिक सांगतो ना, "साहेब, ब्रेक सेट होऊ द्या," ते मनावर घ्या. नव्या पॅडमधली राळ पहिल्या तापण्यात वायू सोडते, आणि पॅडचा पातळ थर डिस्कवर बसायचा असतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा वेग कमी करावा, मधे निवू द्यावं, आणि मगच घाटाचं नाव काढावं.

शेवटचं एक. चाक खोलल्यावर गॅरेजमधला पोरगा सवयीने हवेची नळी उचलेल. जुन्या गाडीच्या, कुठल्यातरी स्वस्त डब्यातून आलेल्या लायनरमध्ये काय आहे ते त्याला माहीत नसतं, आपल्यालाही नसतं. त्या वेळी त्याचा हात धरा आणि त्याच्या हातात ओलं फडकं द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)